छतावरच्या बाई

ऑक्टोबर संपत आला, अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या रस्त्यांच्या कडेला पानांचे ढीग लागले, आणि रवींद्र टिपणीसनं एकच धोशा लावला, "गाडीचं छत झाकलं का?"

सकाळी चहाचा कप हातात घेतला की विचारायचा. जेवताना घास हातात धरून विचारायचा. टीव्ही चालू असला तरी मध्येच मान वळवून विचारायचा. आज वार कोणता, मुलगी अनिका कुठल्या गावात असते, आपलं जेवण झालं की व्हायचंय, हे सगळं विचारणं त्यानं आताशा सोडून दिलं होतं. एवढा एक प्रश्न तेवढा शिल्लक राहिला होता. त्याच्या बायकोला, सुवर्णाला, वाटायचं, हाही एक दिवस जाईल. मग ती हातातलं काम ठेवून नीट उत्तर द्यायची, "नाही हो अजून. झाकू या ना."

गाडी म्हणजे मोटरहोम, चाकांवरचं घर. दुकानात, दवाखान्यात जायची ती त्यांच्या घरात 'छोटी गाडी'. मोटरहोम घरासमोर उभी करायला गावाची परवानगी नव्हती, म्हणून ती पाऊण तासावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध एका मोकळ्या आवारात भाड्याच्या जागेवर उभी असायची. तिथं अशा शंभरेक गाड्या रांगेनं थंडी काढत. जुलैपासून टिपणिसांची गाडीही तिथंच होती.

जुलैत विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठी मुक्काम असताना पहाटे रवींद्र तिथल्या सामाईक न्हाणीघरात अंघोळीला म्हणून गेला आणि परतलाच नाही. दोन तास शोधाशोध झाली. शेवटी तो सापडला दुसऱ्याच कुणाच्या तरी मोटरहोमच्या पायरीवर, मांडीवर टॉवेल घेऊन बसलेला. आतलं अमेरिकन जोडपं बिचारं खिडकीतून बघत होतं. "अगं, कधीचं दार वाजवतोय," तो सुवर्णाला पाहून म्हणाला, "आणि तू बाहेरून येतेस?" त्याआधी किल्ल्या हरवणं, नावं विसरणं, त्याच त्याच गोष्टी सांगणं चाललं होतंच. सुवर्णा म्हणायची वय झालं. पण त्या सकाळनंतर तसं म्हणता येईना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं, आणि गाडी चालवायची नाही असं बजावलं. मिहीर म्हणून त्यांचा जुना स्नेही होता, तो बिचारा मुद्दाम विस्कॉन्सिनला गेला आणि मोटरहोम चालवत आवारात आणून लावून गेला.

"आई, जस्ट सेल इट," अनिका अ‍ॅशबर्नहून फोनवर म्हणाली. "बाबा इज नेव्हर ड्रायव्हिंग दॅट थिंग अगेन. अँड यू कान्ट."

"विकायचीच आहे गं. पण आता हिवाळ्यात कोण घेणार? एप्रिलपर्यंत छत नको का टिकायला?"

"सो कॉल मिहीरकाका."

"बाबांना गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नाही."

"आई, यू आर सिक्स्टी-फोर. यू आर नॉट क्लायम्बिंग ऑन अ रूफ. प्रॉमिस मी."

सुवर्णानं प्रॉमिस केलं आणि त्याच रविवारी छतावर चढायचं ठरवलं.

त्या रविवारी ऊन छान पडलं होतं. इतकी ऊब परत मिळेलच अशी खात्री नव्हती, आणि गारठ्यात फटी बुजवायचं सीलंट धरत नाही हे एवढ्या वर्षांत कानांवर पडून पडून तिला पाठ झालं होतं. तिनं थालीपिठं करून डब्यात भरली, थर्मास भरला, रवींद्रला जुना निळा स्वेटर चढवला आणि छोटी गाडी काढली. वाटेत तो सीटमध्ये सैलावून बसला होता. आवाराच्या फाटकाशी मात्र ताठ बसला. रांगेत आपली गाडी दिसली तसा बेल्ट सोडून उतरायलाच लागला.

आणि मग पुढचे दोन-अडीच तास सुवर्णाला तिचा नवरा परत मिळाला.

आधी त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. टायर बघितले, खिडक्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून घडीची शिडी काढली, गाडीच्या मागच्या बाजूला उभी केली, तिच्या दोन्ही खिट्ट्या बसल्या की नाही ते हलवून पाहिलं. गाडीला मागे पक्की शिडी होती, पण गेल्या वर्षी एका झाडाची फांदी लागून ती वाकली आणि त्यानंच ती काढून टाकली होती. तो पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात सुवर्णानं त्याचा दंड धरला.

"मी चढते. तुम्ही खालून सांगा."

"तू?"

"मग काय झालं? शिडी धरायला तुम्ही आहात ना."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. एक क्षण तिला वाटलं, आता चिडणार. पण तो हसला आणि शिडीच्या तळाशी पाय रोवून उभा राहिला. "चढ. पण कडेला जाऊ नकोस. आणि उभी राहू नकोस, गुडघ्यांवर रांग."

छत पांढऱ्या रबराचं होतं. वर पानं, बिया आणि पक्ष्यांनी करून ठेवलेली घाण. सुवर्णानं ते सगळं साबणाच्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुतलं, फडक्यानं पुसलं. हवा जायच्या खिडक्या, एसीची पेटी, अँटेना, जिथं जिथं छताला भोक पाडून काही बसवलंय, तिथं तिथं सीलंटचा जाड थर होता. तो कुठं तडकलाय ते ती बघायची आणि खाली ओरडायची.

"बाथरूमच्या वरच्या खिडकीशी भेग दिसतेय!"

"नख लावून बघ. सुटतंय का?"

"थोडं सुटतंय."

"सुटतंय तेवढंच काढ. जे धरून बसलंय ते खरवडायचं नाही. त्याच्यावरूनच नवा थर दे."

"बरं!"

"आणि ताडपत्री नाही ना आणलीस?"

"नाही हो, तुमचंच कव्हर आणलंय."

"ताडपत्रीच्या आत घाम धरतो. वाऱ्यानं घासून घासून रबर फाडते ती. कव्हर श्वास घेणारं हवं." आणि मग तो नेहमीसारखा लांबण लावत सुटला : थेंबभर पाणी आत गेलं की गोठतं, गोठलं की फुगतं, फुगलं की भेग मोठी होते, मार्चपर्यंत आतल्या लाकडाचा भुसा. ही कथा सुवर्णानं दर हिवाळ्याला ऐकली होती आणि दर हिवाळ्याला "पुरे हो" म्हटलं होतं. आज ती गुडघ्यांवर बसून, पाठीवर ऊन घेत, एक शब्द न बोलता ऐकत राहिली. मध्येच तो थांबला तर तिनंच विचारलं, "आणि बर्फाचं वजन?"

"हां, बर्फाचं वजन!" तो खूश होऊन म्हणाला.

ही गाडी घेतली तेव्हा सुवर्णा किती रडली होती! रवींद्र निवृत्त झाला की सांगलीला जायचं, तिथं बहिणीच्या घराजवळ एक फ्लॅट घ्यायचा, सहा महिने तिकडे आणि सहा महिने इकडे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तीस वर्षं या देशात काढून ती इथं पाहुण्यासारखीच राहिली होती. आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात रवींद्र ही मोटरहोम घेऊन दारात हजर झाला. त्याच वर्षी तिची आई गेली होती. मग सांगलीत तरी आता कोण आहे, असं म्हणून तिनं हट्ट सोडला, पण कुरकुर सोडली नाही. गादी टोचते. गॅसला दोनच शेगड्या. भांडी घासायला पाणी पुरत नाही. कुठल्याही तळ्याकाठी गाडी थांबली की ती आधी एक तक्रार करायची आणि मग पायरी उतरायची.

दुपारी गाडीतच छोट्या टेबलाशी बसून दोघांनी थालीपिठं खाल्ली. सीलंटवर साय धरायला थोडा वेळ हवाच होता. रवींद्रनं चार घास खाल्ले आणि मग तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. थकला होता. सकाळभर ताणून धरलेलं काहीतरी सैल होत चाललंय हे सुवर्णाला त्याच्या डोळ्यांत दिसलं. तिनं घाई करायचं ठरवलं. आता कव्हर टाकलं की झालं.

तिनं परत वर जाऊन अँटेनाला, पेटीच्या कोपऱ्यांना, पन्हाळ्यांच्या टोकांना फोमच्या नळ्या चिरून बांधल्या. पोरं पोहायला शिकताना धरतात त्या रंगीत नळ्या. टोकं झाकली नाहीत तर कव्हर पहिल्याच वादळात फाटतं. मग रवींद्रनं कव्हरच्या गुंडाळीला दोरी बांधली. गाठ मात्र त्याच्या हातांनी आपणहून मारली, अजून सफाईदार. ती वरून ओढत गेली, तो खालून रेटत राहिला, आणि ते अवजड गाठोडं एकदाचं छतावर आलं.

"मागून पुढे उलगड," तो म्हणाला.

त्या दुपारी तिला ओळखून तो बोलला ते हे शेवटचं वाक्य. ती गुडघ्यांवर रांगत, अंगापेक्षा मोठी गुंडाळी पुढे पुढे लोटत गेली. कव्हर वाऱ्यावर फडफडत होतं, त्याच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. पुढच्या टोकाला पोचून तिनं दम खाल्ला, पुढची कड खाली सोडली आणि हाक मारली, "अहो, पुढचा पट्टा ओढा!"

पट्टा तसाच लोंबत राहिला.

ती रांगत मागे आली. शिडी नव्हती. खालच्या गवतावर शिडीच्या पायांचे ठसे तेवढे होते. कप्प्याचं दार बंद होतं, कुलूप लावलेलं. त्यानं शिडीची नीट घडी केली होती, जागच्या जागी ठेवली होती, आणि काम संपलं की माणूस निघतो तसा तो निघाला होता.

फोन तिच्या कोटात होता आणि कोट खाली छोट्या गाडीत. आवारात चिटपाखरू नव्हतं. सुवर्णानं गुडघ्यांवर उठून दूरवर नजर टाकली. दोन रांगांमधल्या खडीच्या वाटेनं निळा स्वेटर फाटकाकडे चालला होता. फाटकापलीकडे मोठा रस्ता, आणि रस्त्यावरून मक्यानं भरलेले ट्रक सुसाट जात होते.

"अहो!" ती ओरडली. "अहो, थांबा! ऐका ना!"

तो चालत राहिला. मग ती जीव खाऊन ओरडली, "रवींद्र!" बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला नावानं हाक कधी मारली नव्हती. तिचा आवाज तिलाच परका वाटला. तो थांबला. वळला. आवाज कुठून येतोय ते शोधत इकडे तिकडे पाहू लागला. तिनं दोन्ही हात हलवले. तेव्हा तो सावकाश परत आला, गाडीपाशी उभा राहिला, आणि उन्हापासून डोळ्यांवर हात धरून वर पाहू लागला.

"नमस्कार," तो म्हणाला. "तुम्ही मराठी?"

सुवर्णा छताच्या कडेशी पोटावर पडून होती.

"अरे वा! या रानात मराठी माणूस!" त्याचा चेहरा उजळून निघाला होता. "कुठल्या तुम्ही?"

"सांगलीची," ती म्हणाली.

"काय सांगता! आमची मंडळीही सांगलीचीच. गावभागातली. तुम्ही ओळखत असाल कदाचित."

"असेन."

"पण बाई, तुम्ही वर काय करताय? पडाल हो. वाऱ्याचं काही खरं नाही."

अगं, ऐकलंस का, कुठं ठेवलास, दे गं, ये गं. चार दशकं या माणसानं तिला दुसरं काही म्हटलं नव्हतं. आज तो तिला 'तुम्ही' म्हणत होता. अदबीनं, एका परक्या बाईच्या काळजीनं. 'अहो, मी आहे, मी!' असं तिला म्हणायचं होतं. जुलैपासून असे दोन-तीन प्रसंग आले होते आणि प्रत्येक वेळी तिनं तसं म्हटलं होतं. मग तो घाबरायचा, हात झटकायचा, रडवेला व्हायचा. आता तो घाबरून पळाला तर फाटक समोर होतं आणि तिला खाली उतरता येत नव्हतं. तिनं आवाज सरळ केला. तिला स्वतःची भाषा बदलावीही लागली नाही. नवऱ्याला म्हणायची तेच 'अहो' परक्या माणसालाही चालत होतं.

"अहो, मी या गाडीचं छत झाकतेय. तुमच्या मिसेसनी सांगितलंय."

"तिनं?" तो हसला. "शक्य नाही. तिला या गाडीत काडीचा इंटरेस्ट नाही."

"असं कसं? त्यांनीच तर सांगितलं."

"तुम्हाला म्हणून सांगतो," तो शेजारच्या गाडीला टेकून उभा राहिला. गप्पा मारायला बरं माणूस भेटलं म्हणून निवांत झाला होता. "तिला जायचं होतं सांगलीला. मीच ही घेऊन आलो. पहिल्या ट्रिपला ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची. टाकीतलं पाणी संपून जायचं हो! मग मी गुपचूप उठून टाकी भरून आणायचो. म्हटलं, रडू दे बिचारीला."

सुवर्णानं डोळे मिटून घेतले. पाच वर्षं तिला वाटत होतं, हे फक्त त्या छोट्या बाथरूमच्या भिंतींना माहीत आहे.

"तुम्हाला माहीत होतं?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"न कळायला काय झालं? टाकी मीच भरत होतो ना." त्यानं शेजारच्या गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला. "मला वाटलं होतं, हा देश नीट बघितला, पायांखालून गेला, की तिचा होईल. तीस वर्षं ती नुसती घर आणि ऑफिस करत राहिली. पण नाही झालं तसं. माझ्यासाठी यायची ती. माझं मन राखायला. आता वाटतं, उगाच ओढली तिला. सांगलीला गेलो असतो तर बरं झालं असतं."

वाऱ्यानं कव्हरची कड उचलली आणि परत टाकली. सुवर्णा कोपरांवर रेलून त्याच्याकडे पाहत होती. तिसऱ्या वर्षीची मिशिगनमधली एक सकाळ तिला लख्ख आठवली. धुकं तळ्यावरून उठत होतं, ती पायरीवर चहा घेऊन बसली होती, आणि तिच्या लक्षात आलं होतं की गेल्या कित्येक दिवसांत आपल्याला सांगलीची आठवण आलेली नाही. तो आतून म्हणाला होता, "काय बघतेस गं?" आणि ती म्हणाली होती, "काही नाही. डास फार आहेत." पुढच्या दोन वर्षांत मार्च उजाडला की तीच आधी नकाशा काढून बसायची. पण सवयीनं कुरकुरत. मला आवडतं, हे दोन शब्दांचं वाक्य तिनं कधी उच्चारलंच नाही. त्यात काय सांगायचं, त्याला दिसत नाही का, असं तिला वाटायचं.

त्याला दिसलं नव्हतं. टाकी दिसली होती.

"तसं नाही हो," ती म्हणाली. "त्यांना आवडायला लागलं होतं नंतर."

"तुम्हाला काय माहीत?"

"त्यांनीच सांगितलं. मिशिगनच्या तळ्याकाठी, म्हणाल्या, मला पहिल्यांदा इथं आपलं वाटलं."

तो शेजारच्या गाडीपासून सरळ झाला. "असं म्हणाली?"

"हो. म्हणाल्या, यांनी मला नेलं नसतं तर मी जन्मभर पाहुणीच राहिले असते."

"मला नाही बोलली कधी."

"त्यांचा स्वभाव तसा."

"हो, स्वभाव तसाच," तो पटकन म्हणाला, बायकोची बाजू घ्यावी तसा. मग खाली मान घालून पायानं खडी सारत राहिला. "बायका बायकांनाच सांगतात. बरं केलंत, सांगितलंत. आता आली की विचारतो तिला."

"विचारा," सुवर्णा म्हणाली. डोळ्यांतलं पाणी नाकाच्या शेंड्यावरून कव्हरवर ठिबकलं. खालून त्याला दिसण्यासारखं नव्हतं. "अहो, मला जरा खाली उतरायचंय. शिडी लावता का?"

शिडी कुठं आहे हे त्याला आठवेना. तो कासावीस होऊन गाडीभोवती फिरू लागला. सुवर्णानं हळूहळू सांगितलं. खिशात हात घाला, किल्ली आहे ना? आता डाव्या बाजूचा खालचा कप्पा. मोठी किल्ली नाही, ती छोटी. उलटी फिरवा. कप्पा उघडला आणि शिडी हाताला लागली तसे त्याचे हात परत जाणते झाले. त्यानं शिडी लावली, खिट्ट्या हलवून पाहिल्या, पाय रोवून तळाशी उभा राहिला. "या. जपून. माझ्याकडे बघू नका, पायरीकडे बघा."

ती शेवटच्या पायरीपर्यंत उतरली. त्यानं हात पुढे केला, तिनं तो धरला. जमिनीवर पाय टेकताच त्यानं तो लगेच, मर्यादेनं, सोडून दिला.

उरलेलं काम दोघांनी मिळून केलं. तो सांगेल तसे तिनं पट्टे गाडीखालून घेतले, तो दुसऱ्या बाजूनं ओढून बकल अडकवायचा. "फार आवळू नका, वारा खेळायला थोडी ढील हवी." कव्हर बसलं. करडी, बिनखिडक्यांची गाडी रांगेतल्या इतर गाड्यांसारखीच दिसू लागली. पुढे एप्रिलमध्ये ती विकली गेली. पिओरियाकडच्या एका तरुण जोडप्यानं घेतली. त्यातला मुलगा वर चढून सगळं दाबून दाबून पाहून आला आणि म्हणाला, छतातून कुठं पाण्याचा थेंब आत गेलेला नाही. रवींद्र तेव्हा बरोबर नव्हता. त्याला बरोबर नेण्यासारखं राहिलं नव्हतं.

पण त्या रविवारी कव्हरवरून हात फिरवत तो म्हणाला, "छान काम केलंत, बाई," आणि फाटकाकडे पाहू लागला. "आमची मंडळी येईलच इतक्यात."

"त्यांनी मला तुम्हाला घरी सोडायला सांगितलंय," सुवर्णा म्हणाली.

तिनं छोट्या गाडीचं पुढचं दार उघडून धरलं. तो संकोचला. "नाही नाही, मी मागे बसतो." आणि परक्या बाईच्या शेजारी कसं बसायचं, या विचारानं स्वतःच मागचं दार उघडून आत बसला. हात मांडीवर, पाठ ताठ.

सुवर्णा गाडी चालवत होती. कापणी झालेली शेतं मागे पडत होती, ऊन तिरपं झालं होतं. आरशात त्याचा चेहरा दिसत होता, शांत, थोडा संकोचलेला, कुणाकडून लिफ्ट घेतलेल्या माणसाचा. एकदा तो पुढे वाकून म्हणाला, "तुम्हाला उगाच तसदी." ती म्हणाली, "तसदी कसली हो." मग तिला पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून तिनं एका गॅस स्टेशनच्या बाजूला गाडी घेतली आणि काच पुसते असं सांगून खाली उतरली. फडकं घेऊन तिनं ती काच पुष्कळ वेळ पुसली. तो आतून पाहत होता. तिची नजर त्याच्या नजरेला भिडली तसा तो ओळखीचं हसला. सांगलीच्या बाई म्हणून ओळखीचं.

घर मात्र त्यानं लांबूनच ओळखलं. पायऱ्या भराभर चढला, दार उघडल्याबरोबर बूट काढले, आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं सुवर्णा, चहा टाक गं! पाहुण्या आल्यात, तुमच्या सांगलीच्या!"

सुवर्णा त्याच्या मागे उंबऱ्यातच होती. घर रिकामं. कुणी उत्तर देत नाही म्हणून तो परत हाक मारणार, तेवढ्यात ती त्याच्या बाजूनं आत गेली, स्वयंपाकघरात शिरली आणि तिथून म्हणाली, "हो, टाकते!"

तिनं कोट काढला. हाताला चिकटलेलं सीलंट निघत नव्हतं, तशाच हातांनी तिनं आधण ठेवलं, आलं किसलं. बाहेर सोफा करकरला. दिवे अजून लावायचे होते. दोन कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा तो सोफ्यावर नीट बसला होता आणि दाराकडे पाहत होता. तिच्या पावलांचा आवाज आला तशी त्यानं मान वळवली.

"अगं, त्या बाई गेल्या वाटतं."

तो तिलाच म्हणत होता. 'अगं'. सुवर्णानं कप टेबलावर ठेवले आणि त्याच्या शेजारी बसली.

"हो, गेल्या."

"चहा न घेताच?"

"घाई होती त्यांना. काय म्हणत होत्या?"

"कोण?"

तो खरोखरच विचारत होता. कपावर फुंकर घालत, भुवया उंचावून. तिनं त्याच्या चेहऱ्यावर शोध शोध शोधलं. आत्ताच दारातून आलेला, खडीवर उभा राहून 'असं म्हणाली?' म्हणणारा माणूस तिथं कुठंच नव्हता. मग तिनं त्याचा मोकळा हात आपल्या हातात घेतला.

"अहो, मला आवडायचं आपलं फिरणं. गाडीतून. मी बोलले नाही कधी, पण मला फार आवडायचं."

त्यानं ऐकलं. आताशा तो कुणाचंही बोलणं संपलं की डोलावतो तशी मान डोलावली.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे गं."

ती साखर आणायला उठली.